सहाशे अंशांचा रंग वर्षभरात का सुटला: एका फियाटच्या ब्रेक ड्रमचं प्रकरण

गाडी १९७२ची फियाट ११०० डी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली, म्हणजे १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली त्याच वंशातली. मुक्काम ठाण्यात, वर छप्पर पण तिन्ही बाजूंनी उघड्या पार्किंगमध्ये. आठवड्यातून एखादी शहरातली फेरी आणि महिना-दीड महिन्याने जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने लोणावळ्यापर्यंत जाऊन येणं, एवढाच तिचा वापर. चारही चाकांना ड्रम ब्रेक: चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ड्रमला आतून शू दाबले जातात, आणि शूवरचा घासणारा पट्टा म्हणजे लायनर.

आदल्या मे महिन्यात चारही ड्रम रंगवून घेतले होते. तारेच्या ब्रशने घासले, रेडऑक्साइडचा एक हात दिला आणि त्यावर चंदेरी हीट रेझिस्टंट पेंटचे दोन हात. डब्यावर ‘६०० अंश सेल्सिअस’ छापलेलं होतं. दिवाळीपर्यंत पुढच्या ड्रमवर पोपडे आले, मागच्यांवर रंगाखालून तांबूस फोड उठले आणि पुढच्या मेपर्यंत निम्मा रंग उरला नाही. मालकाचा प्रश्न साधा होता: याहून जास्त अंशांचा रंग कोणता मिळेल?

प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारलेला होता. ड्रमवरचा रंग तापमानाने क्वचित मरतो. तो खालच्या गंजाने, चुकीच्या प्रायमरने किंवा ब्रेक ऑइलने मरतो. त्यामुळे दुकानात जाण्याआधी चारही ड्रम उतरवून ओळीने मांडले आणि कुठला रंग कसा सुटलाय ते पाहिलं. (उतरवताना एक पथ्य: जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. साबणाच्या पाण्याने भिजवून पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.)

चार ड्रम, तीन वेगळे आजार.

पुढच्या दोन्ही ड्रमवर कडेच्या पट्ट्यावरचा, म्हणजे आतून शू घासतात त्याच्या बरोबर बाहेरचा, रंग पापुद्र्यासारखा निघत होता. पापुद्रा उलटून पाहिला तर पाठीला रेडऑक्साइड चिकटलेलं, काळपट आणि भुसभुशीत. वरचा थर शाबूत, खालचा करपलेला. साधं रेडऑक्साइड अल्किड नावाच्या रेझिनचं असतं. शंभर-सव्वाशे अंशांच्या वर ते वारंवार गेलं की कडक होतं, तडकतं आणि पकड सोडतं. वरच्या डब्यावर सहाशे लिहा नाहीतर हजार, सगळी साखळी प्रायमरइतकीच मजबूत. सिलिकॉनचा चंदेरी रंग थेट ब्लास्ट केलेल्या (खरखरीत कणांचा मारा करून साफ केलेल्या) धातूवर द्यायचा असतो, फार तर त्याच्याच जोडीच्या उष्णतारोधक प्रायमरवर.

मागच्या उजव्या ड्रमवर नुसते गंजाचे फोड. मागचे ड्रम तापतात कमी, ओले राहतात जास्त. तारेच्या ब्रशने गंजाची खरपुडी चकचकीत होते, पण खड्ड्यांतला गंज तसाच राहतो आणि पहिल्या पावसात कामाला लागतो.

मागच्या डाव्या ड्रमवर मात्र आतल्या कडेला, बॅकप्लेटच्या (ड्रमची उघडी बाजू झाकणाऱ्या स्थिर तबकडीच्या) बाजूला, रंग सुरकुतून मऊ झालेला होता, नखाने ओरखडा येत होता. हे व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारं नळकांडं, गळत असल्याचं लक्षण. डॉट ३ आणि डॉट ४ या दर्जांचं ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं. ते इनॅमल, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि न भाजलेला सिलिकॉन रंग सगळ्यांनाच सोलून काढतं. सिलिंडरचं रबरी बूट उचललं तर आत ओल होती. हा ड्रम रंगवून वाचला नसता, सिलिंडरमधले रबरी कप बदलणं हीच दुरुस्ती. मालकाने रंगासाठी गाडी आणली नसती तर ही गळती लायनर भिजेपर्यंत कळली नसती.

आणखी एक गोष्ट: चारही ड्रमच्या तोंडावर, जिथे चाक येऊन बसतं तिथेही रंगाचे तीन थर होते. गाडी आली तेव्हा मागच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा सैल मिळाला. चाक आणि ड्रम यांच्या मध्ये रंग असला की तो दाबाखाली आणि उष्णतेने दबतो, जाडी कमी होते आणि ताण निघून जातो. या बैठकीवर रंग नको, हे बाकी काही विसरलं तरी विसरायचं नाही.

किती तापतो, हे आधी मोजलं

मालकाकडे इन्फ्रारेड थर्मामीटर होता आणि लोणावळ्याहून उतरल्यावर पुढचा ड्रम ९५ अंश दाखवतो, असं तो ठामपणे सांगत होता. यंत्र बरोबर होतं, वाचन चूक. अशा बहुतेक यंत्रांत पृष्ठभाग काळ्यासारखा किरणं फेकतो असं गृहीत धरलेलं असतं. चंदेरी रंग त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच फेकतो. जुन्याच ड्रमवर रुपयाएवढा मॅट काळ्या रंगाचा ठिपका देऊन पुन्हा घाट उतरवला. ठिपक्यावर १५८ अंश, शेजारच्या चंदेरी भागावर तेच ९५. मागचे ड्रम ठिपक्यावर १०५च्या आसपास. ठाण्याच्या गर्दीत तासभर फिरून पुढे ८५, मागे ६५.

म्हणजे सहाशे अंशांशी या गाडीचा काही संबंध नाही. पुढच्या ड्रमला १६०, फार तर क्षणभर २०० सोसणारा रंग हवा. मागच्याला सव्वाशे सोसणारा पुरे.

इथे गॅरेजमधले दोन समज तपासून घेणं भाग आहे, कारण रंगाची निवड त्यांच्यावरच अडते. पहिला: रंग दिला की ड्रम कोंडतो आणि ब्रेक जास्त तापतात. रंगाचा थर ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. घाटात ड्रमच्या बाहेरच्या अंगाने दर चौरस मीटरला सहाएक हजार वॅट उष्णता जाते असं धरलं, तरी या थरामुळे आत-बाहेर फरक पडतो तो जेमतेम एका अंशाचा. समज सोडून द्यावा.

दुसरा समज अर्धा खरा आहे: काळा रंग ड्रम थंड ठेवतो. फियाटच्या मापाच्या ड्रमचं बाहेरचं क्षेत्र अंदाजे ०.१ चौरस मीटर. १५० अंशांवर काळा ड्रम किरणांवाटे सुमारे १२० वॅट फेकतो, चंदेरी ४५. फरक ७५ वॅटचा, चार ड्रमचे मिळून ३००. आता घाटाचा हिशेब. गाडी नऊशे किलोची, चार माणसं आणि सामान धरून बाराशे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पाचशे मीटर उंची वीस मिनिटांत गमावली, तर सुमारे पाच किलोवॅट उष्णता कुठेतरी जायला हवी. घरातले दोन किलोवॅटचे अडीच गीझर सतत चालू ठेवल्यासारखं. त्यातली थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, उरलेली इंजिन आणि ब्रेक वाटून घेतात. काळ्या रंगाचे ३०० वॅट पाच किलोवॅटपुढे सहा टक्के. शिवाय ड्रमची बरीचशी किरणं चाकाच्या रिमवरच आदळतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. दुसरा गिअर टाकून उतरलं की इंजिन जे उचलतं, त्यापुढे रंगाचा फायदा किरकोळ. तरी काळा निवडायला हरकत नाही, लायनरची काळी धूळ त्यावर दिसत नाही हेही एक कारण आहेच. गंमत म्हणजे गंजलेला ड्रमही किरणं फेकण्यात काळ्याच्या फारसा मागे नसतो. चंदेरी तेवढा मागे.

घाटाची खरी भीती असेल तर रंगाआधी ब्रेक ऑइल बदलावं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांवर उकळतं, पाणी शोषलेलं मात्र १४०च्या आसपासही उकळू शकतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत पाणी शोषायला दोन वर्षं पुरतात. या गाडीत ते कधी बदललं होतं याची नोंद नव्हती. कप बदलताना सगळंच नवं भरलं.

पाच पर्याय

साधं काळं सिंथेटिक इनॅमल पहिल्याच फेरीत बाद: घाटात मऊ पडतं, ब्रेक ऑइलपुढे टिकत नाही. फक्त प्रदर्शनात ट्रेलरवरून जाणाऱ्या गाडीला ते चालेल, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा मारायला सोपंही आहे.

पावडर कोटिंगची सूचना सगळ्यात जास्त जण करतात, कारण चाकं तिथेच जातात. ड्रमला ते पटत नाही. थर साठ ते शंभर मायक्रॉनचा, तोंडावर नीट झाकलं नाही तर बैठक बिघडवतो. बिडाच्या बारीक छिद्रांतली हवा आणि तेल भट्टीत बाहेर येताना पावडरमध्ये टाचणीची भोकं पाडतात. शिवाय जाड, चिवट थराखाली ड्रमला पडलेली बारीक चीर दिसत नाही, हा आक्षेप सर्वात मोठा.

दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग बॉडीला उत्तम, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि बाहेरून हवा देणारा मास्क नसेल तर ते फवारू नये. चार ड्रमसाठी ती यातायात कशाला?

राहिले दोन. सिलिकॉनचा उष्णतारोधक काळा: उष्णतेला भक्कम, पण भट्टीत भाजल्याशिवाय कच्चा. आणि दोन डब्यांचा इपॉक्सी: गंज, खडी आणि ब्रेक ऑइल तिन्हींना पुरून उरतो, पण १२०–१५० अंशांच्या वर रोज गेला तर पिवळट होऊन ठिसूळ पडतो. उन्हात इपॉक्सी भुरकट होतो, पण चाकाआड ऊन येतंच किती.

मोजमाप हातात होतं म्हणून निर्णय सोपा झाला. पुढच्या दोन ड्रमना भाजलेला सिलिकॉन, मागच्या दोनांना इपॉक्सी, दोन्ही मंद चमकेचे काळे. मालकाला चारही एकाच डब्यातून हवे होते. पण पुढच्या आणि मागच्या ड्रमचं जगणंच वेगळं आहे, एक भाजतो आणि दुसरा भिजतो. लाल रंगाचाही आग्रह झाला. फियाटच्या स्टीलच्या चाकाआड लाल ड्रम म्हणजे लग्नातल्या पाहुण्याने नवरदेवाचा फेटा घालण्यासारखं, आणि मूळ रूपाला गुण देणाऱ्या परीक्षकाला तो आधी खटकतो. मूळ रंगाचा माग काढायचा असेल तर ड्रम आणि हबच्या (ड्रम ज्यावर बसतो त्या चाकाच्या मधल्या भागाच्या) मधल्या सपाट जागेत, जिथे ऊन-पाणी पोचत नाही, तिथे जुना थर सापडतो का पाहावं. या गाडीत तिथे नुसतं उघडं बीड मिळालं, त्यामुळे काळ्याला कुणाची हरकत नव्हती.

बीड तेल पितं

रंगाच्या आधी ड्रम वापरण्याजोगा आहे का, ते. दोरीला टांगून लहान हातोडीने हलकं ठोकलं की चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो, चिरलेला ‘थप्’ करतो. चारही वाजले. आतला व्यास चार ठिकाणी मोजला. मूळ मापाच्या वर साधारण एक मिलिमीटरपर्यंत टर्निंग चालतं, नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तकात पाहावी. पुढचा उजवा थोडा अंडाकृती होता, तो लेथवर हलका टर्न केला. टर्निंग रंगाच्या आधी करायचं, नंतर केलं तर लेथवर ड्रम पकडणाऱ्या चकचे जबडे रंग ओरबाडतात.

मग जी चूक सगळीकडे होते ती इथेही झाली. ड्रम थिनरने पुसून ब्लास्टिंगला दिले, करडे स्वच्छ होऊन आले. पण मागच्या डाव्याला, जिथे ब्रेक ऑइल आणि ग्रीस वर्षभर मुरलं होतं, सकाळपर्यंत काळसर डाग आले. बिडात ग्राफाइटच्या पापड्या आणि बारीक छिद्रं असतात, तेल आत शिरतं. वरून पुसून ते निघत नाही. तसाच रंगवला असता तर रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडली असती. उपाय: पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत २०० अंशांवर एक तास. ड्रम घामाघूम होऊन तेल सोडतो, गार झाल्यावर थिनरने पुसून पुन्हा ब्लास्ट. दोनशे अंशांनी बिडाला काही होत नाही. मात्र हबमध्ये बेअरिंग, ऑइल सील किंवा ग्रीस असेल तर ते आधी काढलेलं हवं.

ब्लास्टिंगच्या वेळी आतली घासपट्टी झाकायला प्लायवूडची गोल चकती कापून टेपने बसवली. ठाण्याच्या हवेत ब्लास्ट केलेलं बीड काही तासांत तांबूस होतं, म्हणून ब्लास्टिंग ते पहिला हात हे अंतर चार तासांच्या आत ठेवलं. दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी रंग नाहीच. मे महिन्याची कोरडी दुपार निवडली.

रंग लागतो किती? चार ड्रमचं मिळून ०.४ चौरस मीटर. दोन हात आणि फवाऱ्यात निम्मा वाया धरूनही एकूण शंभर-दीडशे मिलीलिटर. लिटरचा डबा घेणं म्हणजे आठशे मिलीलिटर शेल्फवर सुकवणं.

पुढचे दोन: प्रायमर नाही. पातळ दोन हात, मध्ये अर्धा तास, सुकल्यावर एकूण जाडी ४० ते ५० मायक्रॉन. सिलिकॉन रंग जाड झाला की तापताना फोड येतात, म्हणून ‘अजून एक हात मारू’ इथे चालत नाही. रात्रभर सुकवून, सगळा टेप काढून भट्टीत. टेप राहिला तर त्याचा गोंद कायमचा भाजून बसतो. १२० अंशांवर अर्धा तास, मग २०० वर एक तास, दार उघडून हळूहळू गार. तास मोजायचा तो ड्रम तापल्यापासून, भट्टीचा काटा २०० वर पोचल्यापासून नव्हे, बीड तापायला वेळ घेतं. परीक्षा सोपी: थिनरचा बोळा दहा वेळा घासायचा. बोळा काळा झाला तर रंग कच्चा. पहिल्या खेपेला एका ड्रमचा बोळा काळा झाला, तो भट्टीच्या दाराजवळ होता. पुन्हा तासभर दिला. ‘गाडी चालवली की आपोआप भाजेल’ हा सल्ला या मोजमापांपुढे टिकत नाही: १५८ अंश, तेही महिन्यातून वीस मिनिटं, आणि तोंडाच्या बाजूला त्याहून कमी.

मागचे दोन: झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर ४० मायक्रॉन, त्यावर इपॉक्सी काळा ४०. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचं, मोजपात्राने, अंदाजाने ओतून नाही. मिसळल्यावर डब्यावर लिहिला असेल तितका वेळ थांबायचं. दुसरा हात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यापेक्षा उशीर झाला तर वॉटर पेपरने मारून मगच. हाताला सुकला म्हणजे पक्का झाला असं नाही. ब्रेक ऑइलच्या जवळ न्यायला सात दिवस थांबलं.

चारही ड्रमवर चाकाची बैठक, हबवर बसणारी मागची बाजू आणि मधलं भोक उघडं ठेवलं. आतल्या पट्टीवर उडालेला धुरळा शंभर नंबरच्या पॉलिश पेपरने काढून थिनरने पुसला. हबच्या मधल्या कडेला ॲन्टीसीझचा (भाग गंजून जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पुसटसा हात दिला, नटांच्या बैठकीला आणि आट्यांना काहीही नाही. चाकं पुस्तकातल्या आकड्याइतकी आवळली आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावला. एकही नट हलला नाही.

पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये चाकं उतरवली. मागचे ड्रम धुऊन पुसले तर नव्यासारखे. मागच्या डाव्याच्या सिलिंडरमधून हवा काढताना नळी निसटून अर्धा कप ब्रेक ऑइल ड्रमवर सांडलं होतं. लगेच भरपूर पाणी ओतलं. ग्लायकॉल पाण्यात विरघळतं, म्हणून पाणी हाच पहिला उपाय. इपॉक्सीवर डागही राहिला नाही.

पुढच्यांची पकड भक्कम, एकही पोपडा नाही, पण दोन्ही ड्रमच्या आतल्या कडेला, बॅकप्लेटकडच्या ओठावर, टाचणीच्या डोक्याएवढे गंजाचे ठिपके दिसले. कारण रंगात नव्हतं. ओठाची धार लेथने तीक्ष्ण झालेली, आणि ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो. सपाटीवर ४५ मायक्रॉन असले तरी धारेवर दहासुद्धा उरत नाहीत. ब्लास्टिंगच्या आधी कानशीने ती धार एक-दीड मिलिमीटर गोल करून, फवाऱ्याआधी ब्रशने धारेवर एक पट्टा मारला असता तर ठिपके आले नसते. इपॉक्सी जाड असल्याने मागच्यांनी ही हयगय पचवली.

ठिपके घासून, धार गोल करून तेवढ्याच भागाला सिलिकॉनचा हात दिला. या वेळी भट्टी नाही. औद्योगिक हीट गन दहा-दहा सेंटिमीटरवर फिरवून हात दिलेल्या काळ्या भागावर १९० अंश आल्यावर प्रत्येक जागी पाच मिनिटं धरली. थिनरचा बोळा किंचित करडा आला, म्हणजे भट्टीइतका पक्का नाही. पुढच्या मे महिन्यात पुढचे दोन्ही ड्रम लायनर तपासायला उतरणारच आहेत, तेव्हा ते पुन्हा दोनशेच्या भट्टीत जातील.